नामदार गोखले यांचे शिक्षणविधेयक

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या लहानशा खेड्यात ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कागल येथे नोकरीस होते. गोपाळराव तेरा वर्षांचे झाले न झाले तोच पित्याचे छत्र हरपले. तेव्हा वडीलबंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली, आणि त्यांतून आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. गोपाळरावांनी या त्यागाचे चीज केले. १८८४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वडीलभावाने पोटाला चिमटा घेतला म्हणून एक मुलगा शिकला. परंतु ज्यांच्या पाठीशी असा भाऊ नाही, त्या लक्षावधी मुलांचे काय? गोखल्यांच्या आयुष्यातील एक मोठा प्रयत्न पुढे याच प्रश्नापायी खर्ची पडला.

पदवी मिळाल्यावर ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिक्षक झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे शिष्यत्व त्यांना येथेच लाभले. पूर्ण अभ्यास केल्यावाचून सार्वजनिक प्रश्नावर एक शब्दही बोलू नये, ही शिस्त त्यांनी रानड्यांपासून घेतली. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले व १९०२ साली कलकत्त्यास मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद झाले. तेव्हापासून लोक त्यांना आदराने ‘नामदार गोखले’ म्हणू लागले.

कायदा कसा तयार होतो, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. कायद्याचा जो मसुदा सभेपुढे येतो, त्यास विधेयक म्हणतात. भर सभेत भाषणे होतात, पण एकेक कलम व एकेक शब्द पारखण्यास तेथे सवड नसते. म्हणून विधेयक निवडक सभासदांच्या समितीकडे सोपविण्याची प्रथा आहे. तिला प्रवर समिती म्हणतात. सुपात घेऊन धान्य निवडावे, तसे हे सभासद विधेयक कलमवार निवडतात. लोकांकडून आलेली मते वाचतात. जाचक भाग गाळतात व राहून गेलेले घालतात. नंतर समिती आपला अहवाल सभेस सादर करते. ज्या सभासदास बहुमताचा निर्णय मान्य नसेल, तो आपले भिन्न मत लिहून अहवालास जोडू शकतो. अखेरचा निर्णय मात्र सभेचाच असतो.

या कामात गोखले निष्णात होते. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत विद्यापीठांविषयीचे विधेयक आले, तेव्हा त्याच्या प्रवर समितीत त्यांचा समावेश होता. विद्यापीठांवरील सरकारचा ताबा त्या विधेयकाने वाढणार होता. म्हणून गोखल्यांनी त्यास निर्धाराने विरोध केला. सरकारचे बहुमत असल्यामुळे १९०४ साली ते विधेयक मंजूर झाले. तरीही विरोधकाने अभ्यासपूर्वक व सभ्यतेने कसे वागावे, याचा धडा सभागृहास मिळाला.

त्या काळी हिंदुस्थानात शंभर माणसांत जेमतेम सहांना लिहितावाचता येत असे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. एका संस्थानास जे साधले, ते बलाढ्य इंग्रज सरकारास का साधू नये, असा गोखल्यांचा रोकडा सवाल होता. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात मांडले.

त्या विधेयकात उतावीळपणा मुळीच नव्हता. ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करावे. मुलींचा समावेश पुढे यथावकाश करावा. ज्याची प्राप्ती महिना दहा रुपयांहून अधिक नाही, अशा पालकाकडून फी घेऊ नये. अशी त्याची मुख्य कलमे होती. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने सोसावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

विधेयक मते मागविण्यासाठी देशभर पाठविण्यात आले. वर्षभराने, १८ मार्च १९१२ रोजी, ते पंधरा सभासदांच्या प्रवर समितीकडे सोपवावे, असा प्रस्ताव गोखल्यांनी मांडला. विधेयक आहे तसे मंजूर करा, असा त्यांचा आग्रह नव्हता. त्यात दोष असतील तर समितीत बसून ते काढून टाकू, एवढेच त्यांचे मागणे होते. पंडित मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना आदी सभासदांनी त्यांस पाठिंबा दिला. पण सक्तीची वेळ अद्याप आलेली नाही, पैसा नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, अशी कारणे सरकारने पुढे केली. दोन दिवस चर्चा झाली. मते मोजली गेली, तेव्हा प्रस्तावाच्या बाजूने तेरा व विरुद्ध अडतीस मते पडली. विधेयक समितीच्या दारातूनच परतले. ज्या मेजावर त्याची कलमे पारखली जावयाची, तेथवर ते पोहोचलेच नाही.

सरकारी सभासदांचे बहुमत असलेल्या त्या सभेत पराभव होणार, हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. तरीही त्यांनी कोणावर राग धरला नाही, की हात टेकले नाहीत. आपल्या पिढीचे अपयश ही पुढील पिढीच्या यशाची पायरी ठरेल, अशी त्यांची श्रद्धा होती. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळत गेली, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी ते अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्यांची श्रद्धा खोटी ठरली नाही. १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. पुढे स्वतंत्र भारताच्या संसदेत २००८ साली बालकांच्या शिक्षणहक्काचे विधेयक आले. ते संसदेच्या समितीकडे तपासणीसाठी गेले, तिचा अहवाल आला, आणि २००९ साली दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास व मुलीस मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने प्राप्त झाला. १९१२ साली गोखल्यांच्या विधेयकास जे दार बंद झाले होते, ते शहाण्णव वर्षांनी उघडले.

मुलांनो, तुम्ही रोज सकाळी दप्तर घेऊन ज्या शाळेत जाता, तिची वाट अशा अनेकांच्या श्रमांनी घडलेली आहे. त्या वाटेवर तेरा मतांचा हा पराभवही एक भक्कम पायरी होऊन बसला आहे.