त्यागराजस्वामींचे राजभक्त : तंजावरचे शहाजीराजे भोसले

तमिळनाडूतील तिरुवारूर येथे श्रीत्यागराजस्वामींचे प्राचीन शिवमंदिर आहे. शिव, उमा व बालस्कंद अशा सोमास्कंद रूपात भगवंत येथे विराजमान असून, एरवी भाविकांना केवळ मुखदर्शन घडते. या दैवतास काव्य, संगीत व नाट्य यांची सेवा अर्पण करणारा एक राजा मराठी होता, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे मराठी राज्याची स्थापना केली. त्यांचे व दीपाबाईंचे ज्येष्ठ पुत्र, आजोबांचेच नाव लाभलेले शहाजीराजे, अल्पवयातच इ.स. १६८४ मध्ये गादीवर आले. विद्वानांविषयी त्यांना अपार आदर होता. इ.स. १६९३ मध्ये त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना दान दिले. ते पुढे शहाजीराजपुरम् म्हणून ओळखले जाऊ लागले.

राजे स्वतः उत्तम कवी होते. मराठीप्रमाणेच तेलुगू व संस्कृत भाषांवरही त्यांचे प्रभुत्व होते. त्यागेशाच्या स्तुतीपर त्यांनी अनेक गेय पदे रचिली. ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे त्यांचे तेलुगू गेयनाटक विशेष प्रसिद्ध आहे. विरहाने व्याकुळ झालेली गौरी सखींसह पालखी पाठविते आणि प्रभूंना सन्मानाने आणविते, असे त्याचे कथानक आहे. संपूर्ण प्रसंग रागतालात बांधलेल्या पदांतून उलगडतो. पालखी हा महाराष्ट्राच्या भक्तीचा प्राण. तोच सोहळा राजांनी दक्षिणेच्या भाषेत व संगीतात गुंफिला.

इ.स. १७१२ च्या सुमारास त्यांची कारकीर्द संपली. त्यांना अपत्य नव्हते; राज्य बंधूंकडे गेले आणि इ.स. १८५५ मध्ये तंजावरची गादीही संपुष्टात आली. राजांची पदे मात्र टिकली. मंदिराच्या सेवेत असलेल्या कलावंतिणींनी ती मुखोद्गत करून पिढ्यान्‌पिढ्या देवासमोर गाइली. पुढे देवदासी प्रथा बंद झाली, तेव्हा केवळ कंठात वसलेल्या या चाली कायमच्या लोपण्याचे भय निर्माण झाले. संगीतशास्त्रज्ञ पी. सांबमूर्ती यांनी हे गेयनाटक स्वरलिपीसह इ.स. १९५५ मध्ये प्रसिद्ध केले व हा ठेवा सुरक्षित झाला.

दक्षिण यात्रेत तिरुवारूरास जाणाऱ्या भाविकांनी श्रींच्या दर्शनासमवेत या राजभक्ताचे व त्याची पदे जपणाऱ्या अनाम गायिकांचेही कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे. राज्यवैभव कालवश होते. देवाचरणी वाहिलेली सेवा, ती सांभाळणारे हात व कंठ लाभल्यास, चिरंतन राहते.