श्रीकृष्ण नारायण रातंजनकर

श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (मृत्यू: १४ फेब्रुवारी १९७४) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील गायक, वाग्गेयकार आणि संगीतशिक्षक होते. 'अण्णासाहेब' या नावाने ते ओळखले जात. बंदिशींमध्ये त्यांनी 'सुजान' ही मुद्रा वापरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे ते पट्टशिष्य. लखनौच्या मॅरिस संगीत महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले.

पूर्वायुष्य

एकोणिसावे शतक संपता संपता मुंबई येथे त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते व त्यांना संगीताची आवड होती. मुलाला त्यांनी प्रथम कृष्णंभट्ट यांच्याकडे आणि नंतर ग्वाल्हेर परंपरेतील अनंत मनोहर जोशी यांच्याकडे शिकावयास पाठविले. पुढे भातखंडे यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. भातखंडे यांच्याच प्रयत्नाने त्यांना बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे काही वर्षे प्रत्यक्ष तालीम घेता आली. शास्त्र भातखंड्यांचे आणि मैफलीची गायकी फैयाज खाँ यांची, असा हा दुहेरी वारसा होता. नोमतोमची आलापी व लयीशी खेळत केलेली बोलबाँट ही आग्रा गायकीची अंगे त्यांच्या गाण्यात स्पष्ट दिसत. गायनाबरोबरच त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवीही मिळविली. त्या काळच्या व्यावसायिक गवयांमध्ये ही गोष्ट विरळाच होती.

लखनौ

मॅरिस महाविद्यालय १९२६ साली स्थापन झाले. संगीत हा विषय वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या चौकटीत शिकविता येतो, हे भातखंडे यांना तेथे सिद्ध करावयाचे होते. उस्तादाच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा करणारा शागीर्द आणि घड्याळाच्या तासांत शिकणारा विद्यार्थी यांत मोठे अंतर होते. महाविद्यालयातून शिक्षक निघतील, गवई निघणार नाहीत, असा आक्षेप घराणेदार गायकांकडून घेतला जाई. १९२८ साली रातंजनकर प्राचार्य झाले आणि या आक्षेपाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

महाविद्यालयाची आर्थिक स्थिती बेताची होती. १९३६ साली भातखंडे यांचे निधन झाल्यावर संस्थेचा भार अधिकच वाढला. रातंजनकर जवळजवळ तीन दशके तेथे राहिले. ऐन उमेदीच्या काळात त्यांनी मैफली गाजविल्या असत्या, असे त्यांचे गाणे ऐकलेले जाणकार मानतात. परंतु त्यांचा दिवस वर्ग घेण्यात व संस्थेच्या कारभारात जात असे. वर्ग संपल्यावर निवडक विद्यार्थ्यांना ते स्वतंत्र तालीम देत. महाविद्यालयाच्या चौकटीत गुरुकुलाचा अंश त्यांनी राखला तो असा, आणि त्यांचे नामवंत शिष्य प्रामुख्याने या तालमीतून तयार झाले. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, चिन्मय लाहिरी, सुमती मुटाटकर हे गायक-गायिका, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग आणि चित्रपट-संगीतकार रोशन ही त्यांतील काही नावे. गवई निघणार नाहीत, हा आक्षेप या यादीपुढे टिकत नाही. मात्र केवळ वर्गातील अभ्यासक्रमाने ते तयार झाले, असेही म्हणता येत नाही.

आकाशवाणीची स्वरपरीक्षा

१९५२ नंतर बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंतांची नव्याने परीक्षा घेण्याचे ठरले. या कामी रातंजनकर यांच्याकडे प्रमुख जबाबदारी होती. रागांच्या शास्त्राविषयी प्रश्न विचारले गेल्याने अनेक कलावंत दुखावले. ज्यांनी आयुष्यभर राग गाऊन दाखविला, त्यांनी त्याचे आरोह-अवरोह तोंडी सांगावेत, ही अपेक्षा त्यांना अपमानास्पद वाटली. मुंबईत विरोध तीव्र झाला. पुढे परीक्षेची पद्धत बदलण्यात आली. परीक्षकाच्या व्यासंगाविषयी सहसा कोणी शंका घेतली नाही. परंतु महाविद्यालयातील कसोटी घराण्याच्या गवयाला लावावी काय, हा वाद या प्रकरणाने उघड्यावर आणला. रातंजनकरांच्या वाट्याला त्यातून बरीच कटुता आली.

रचना व लेखन

त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या. त्यांतील पुष्कळशा 'अभिनवगीतमंजरी' या संग्रहाच्या भागांमध्ये स्वरलिपीसह प्रसिद्ध झाल्या. 'तानसंग्रह' हे त्यांचे आणखी एक पुस्तक विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहे. ख्याल, ध्रुपद, तराणे यांबरोबरच कर्नाटक पद्धतीच्या वर्णमाच्या धर्तीवर त्यांनी हिंदुस्थानी रागांत वर्णम् रचले. सालगवराळी, गोपिकावसंत यांसारखे दाक्षिणात्य राग त्यांनी उत्तरेकडे आणले, तर केदार बहार, रजनी कल्याण हे राग त्यांच्या नावाशी जोडले जातात. संस्कृतातही त्यांनी गेय रचना केल्या. अप्रचलित रागांमध्ये आज गायिल्या जाणाऱ्या बंदिशींत 'सुजान' ही मुद्रा वारंवार आढळते. गानाऱ्याला त्यामागचा प्राचार्य ठाऊक असतोच असे नाही.

उत्तरायुष्य

१९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच सुमारास ते खैरागढ (आता छत्तीसगड) येथील विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. एक वर्षापूर्वीच स्थापन झालेले हे विश्वविद्यालय केवळ संगीत व ललित कलांसाठी होते. तेथून निवृत्त झाल्यावर ते मुंबईस परतले. १९६३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. अखेरच्या काळात मुंबईतील वल्लभ संगीतालयात त्यांचे शिष्य गिंडे व भट शिकवीत असत, आणि अण्णासाहेबांच्या रचना तेथील विद्यार्थ्यांच्या कंठी थेट त्यांच्याकडून उतरत होत्या.