ठगांची कबुली आणि राजाचे मौन : नळदुर्गच्या टेलरसाहेबांची कहाणी

भूम : जपानमधील याकुझा टोळ्यांमध्ये अपराधाची माफी मागण्याची एक भीषण प्रथा आहे. चूक करणारा आपल्या करंगळीचे पेर स्वतःच कापतो आणि ते कापडात गुंडाळून टोळीच्या प्रमुखापुढे ठेवतो. टोळीत प्रवेश मिळतो तो एकत्र मद्यप्राशनाच्या विधीने, आणि हकालपट्टी झाली की तसे पत्र इतर टोळ्यांनाही धाडले जाते. गुन्हेगारांच्या जगालाही शपथ, शिक्षा आणि क्षमा यांची गरज भासते, हे त्यातून दिसते. भारतातील अशाच एका जगाची ओळख साऱ्या युरोपला करून देणाऱ्या माणसाने आजच्या धाराशिव जिल्ह्यात काही वर्षे कारभार केला होता. भूमहून धाराशिव, तुळजापूर ओलांडून पुढे गेले की नळदुर्गचा किल्ला लागतो. तेथे राहणारे ते अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर.

टेलर यांचा जन्म 25 सप्टेंबर 1808 रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी एका व्यापारी पेढीत नोकरी करण्यासाठी ते मुंबईला आले. पण पेढीची स्थिती डबघाईची निघाली. ओळखीच्या माणसांच्या खटपटीने त्यांना निजामाच्या फौजेत जागा मिळाली. घरचे कोणी जवळ नाही, हाताशी पैसा नाही, अशा स्थितीत या मुलाने फारसी आणि येथील लोकभाषा शिकून घेतल्या. पुढील सारे आयुष्य त्याच शिदोरीवर उभे राहिले.

निजामाच्या मुलखात पोलीस अधिकारी म्हणून काम करीत असताना वाटेवर नाहीशा होणाऱ्या प्रवाशांच्या बातम्या त्यांच्या कानी येऊ लागल्या. तपासाला सुरुवात झाली, तोच त्यांना पुन्हा फौजेत पाठवण्यात आले. ठगांचा छडा लावण्याचे श्रेय पुढे विल्यम स्लीमन यांना मिळाले आणि ही रुखरुख टेलर यांच्या मनात कायम राहिली. मात्र नंतर पकडलेल्या ठगांचे जबाब घेण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि खुनांच्या हकिगती त्यांनी दिवसेंदिवस लिहून काढल्या.

त्या जबाबांतून एक विलक्षण आचारधर्म समोर आला. कुदळ ही ठगांची पवित्र वस्तू होती. तिच्यावर घेतलेली खोटी शपथ प्राण घेते, अशी त्यांची श्रद्धा होती. खून पार पडल्यावर गुळाचा प्रसाद होई आणि तो ज्याने स्वतः गळा आवळला आहे त्यालाच मिळे. स्त्रिया, फकीर, गंगाजल नेणारे, गाय बरोबर असलेले वाटसरू यांना मारणे निषिद्ध होते. हे नियम आपण मोडले म्हणून देवी कोपली आणि आपण पकडले गेलो, असे अनेक ठग सांगत. मारलेल्या माणसांबद्दलचा पश्चात्ताप त्यांच्या बोलण्यात क्वचितच असे.

सरकारनेही मग माफीचा स्वतःचा रिवाज निर्माण केला. साथीदारांची नावे सांगणाऱ्याला फाशी माफ होई. तो माफीचा साक्षीदार ठरे. पण ही माफी अपुरीच होती. त्याची सुटका जवळजवळ कधीच होत नसे, आणि त्याच्या शब्दावर इतर माणसे फासावर जात. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच कारणावरून जन्मठेप देता येऊ लागली. अशा जबाबांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न आजचे इतिहासकार विचारतात. ठगांचा पंथ जेवढा रंगवला गेला तेवढा संघटित नव्हता, असे त्यांतील काहींचे मत आहे. हे चित्र रंगवण्यात टेलर यांचाही मोठा वाटा होता. 1839 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ठगावरील कादंबरीचा नायक अमीर अली हा असाच माफीचा साक्षीदार आहे. या पुस्तकाने इंग्लंडमध्ये त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले.

1841 पासून सुरपूर संस्थानचा कारभार टेलर यांच्याकडे आला. तेथील बालराजा व्यंकटप्पा नायक त्यांच्या देखरेखीखाली वाढला. तो त्यांना अप्पा म्हणत असे. राजा वयात आल्यावर 1853 मध्ये टेलर यांनी सुरपूर सोडले. त्याच वर्षीच्या तहाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात आला होता, तेथे त्यांची नेमणूक झाली. जमीन महसूल, रस्ते, तलाव ही कामे त्यांनी येथे हाती घेतली. तुळजापूरच्या भवानीच्या परिसराने त्यांच्या मनावर इतका ठसा उमटवला, की त्यांच्या 1863 च्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरचीच आहे.

1857 च्या उठावात टेलर यांची रवानगी बुलढाण्याला झाली आणि फौज हाताशी नसताना त्यांनी तेथे शांतता राखली. इकडे व्यंकटप्पाने मात्र 1858 च्या प्रारंभी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. तो पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटले. उठावाला चिथावणाऱ्यांची नावे सांगितल्यास शिक्षेत सवलत मिळण्याची आशा होती. पण राजाने एकही नाव उच्चारले नाही. चोरासारखे फाशी देऊ नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढेच त्याचे मागणे होते. टेलर यांनी हा प्रसंग आत्मचरित्रात नोंदवला आहे आणि सावरकरांनीही 1857 वरील आपल्या ग्रंथात तो सांगितला आहे. फाशीची शिक्षा पुढे सौम्य होऊन चार वर्षांच्या कैदेवर आली. तिकडे नेले जात असतानाच, पहारेकरी अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. ती आत्महत्या होती की अपघात, यावर एकमत झाले नाही.

आयुष्यभर टेलर यांनी नावे सांगून जीव वाचवणारी माणसे पाहिली होती. नाव न सांगणारा निघाला तो त्यांनी स्वतः वाढवलेला मुलगा. 1860 मध्ये प्रकृती ढासळल्याने त्यांनी भारत सोडला. 13 मे 1876 रोजी फ्रान्समधील मांतों येथे त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. ठगांच्या कादंबरीपेक्षा ते कमी वाचले गेले. परंतु शिक्षा आणि क्षमा यांचा खरा पेच त्यातील सुरपूरच्या पानांवर आहे.