वादळाची वाट पाहणारा माणूस

काही वर्षांपूर्वी मुलीकडे बॉस्टनला गेलो होतो. जानेवारीचा महिना. एके दिवशी सकाळपासून टीव्हीवर एकच विषय सुरू झाला, दोन दिवसांत मोठे हिमवादळ येणार. मुलीने दूध, पाव, मेणबत्त्या आणून ठेवल्या. जावयाने अंगणातले फावडे दाराशी आणून ठेवले. आमची ही तर देव पाण्यात घालून बसायचीच बाकी होती.

शेजारच्या घरातले सत्तरीचे निवृत्त गृहस्थ मात्र खुशीत होते. मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. तासातासाला ते हवामानाचे नकाशे पाहत. कॅनडाकडून कोरडी, कडक थंड हवा उतरते आहे, अटलांटिकवरून दमट हवा वर येते आहे, दोघींची गाठ पडली की उत्तरेला व्हरमाँटच्या डोंगरात हातभर बर्फ पडणार, हे त्यांनी मला हातवारे करून समजावले. त्यांनी एक काळी फळी आणि भिंग व्हरांड्यात थंड व्हायला ठेवले होते. हे कशासाठी, असे विचारल्यावर ते घरात गेले आणि एक जाडजूड पुस्तक आणून माझ्या हातात ठेवले. पानापानावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या षटकोनी नक्ष्या. दिवाळीत दारापुढे काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळ्यांचा कुणी संग्रह केला असावा, असे वाटले. पण त्या रांगोळ्या नव्हत्या. ते आकाशातून पडलेले हिमकण होते आणि एका शेतकऱ्याने त्यांचे फोटो काढले होते.

वादळ आले. दीड दिवस आम्ही घरात कोंडून होतो आणि मी त्या शेतकऱ्याच्या मागे लागलो. परतल्यावरही मिळेल तिथून त्याच्याविषयी वाचत राहिलो. त्याचीच ही हकीकत.

विल्सन बेंटली त्याचे नाव. अमेरिकेच्या ईशान्येकडे व्हरमाँट नावाचे लहानसे, डोंगराळ राज्य आहे. तिथल्या ग्रीन माउंटन डोंगररांगेच्या पायथ्याशी जेरिको नावाचे गाव. तिथे ९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याचा जन्म झाला. घरी दुभती जनावरे, थोडी शेती आणि मेपलच्या झाडांचा रस आटवून काकवीसारखा पाक करण्याचा उद्योग. या भागात वर्षाकाठी दहा फुटांच्या आसपास बर्फ पडते. शेतकऱ्याला ही आपत्तीच. वाटा बंद, जनावरे गोठ्यात आणि उपसून उपसून खांदे भरून आलेले.

आई फॅनी लग्नाआधी शाळेत शिकवत असे. चौदा वर्षांचा होईपर्यंत विल्सन घरीच तिच्या हाताखाली शिकला. तिच्याजवळ शिक्षिकेच्या नोकरीतला एक जुना सूक्ष्मदर्शक होता. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तो तिने त्याच्या हाती दिला. इतर मुले बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारत, तेव्हा हा त्यातला एक कण उचलून काचेखाली धरू लागला. आत जे दिसले, त्याने त्याला आयुष्यभर सोडले नाही. सहा कोनांची, सहा पाकळ्यांची अशी कोरीव नक्षी की एकदा पाहिलेली पुन्हा दिसेना.

ती कुणाला दाखवायची कशी? त्याने कागदावर काढून पाहिली. तीन हिवाळे तो चित्रे काढत राहिला. पण चित्र पुरे होण्याआधी कण वितळून जाई. नंतर त्याला कळले की सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून फोटो घेता येतो. ही सामग्री शंभर डॉलर किमतीची होती. गोठ्यातल्या दहा गाईंची किंमत तेवढी व्हावी. वडील एडवर्ड यांना हा पोरखेळ वाटे. पण आईने पाठ धरली आणि अखेर वडिलांनी पैसे मोजले. पुढेही या नादाबद्दल त्यांचे मत बदलले नाही, तरी पैसे त्यांनी दिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. विशीही न गाठलेल्या मुलासाठी, स्वतःला न पटलेल्या कामावर गोठाभर गाईंची किंमत खर्च करणारे बाप आजही फारसे सापडायचे नाहीत.

पहिले सगळे प्रयत्न फसले. काचेवर नुसत्या धूसर सावल्या उमटत. प्रकाश आत येण्याचे छिद्र अगदी बारीक करायचे आणि काच जास्त वेळ उघडी ठेवायची, हे चुकत चुकत त्याचे त्यालाच उमगले. १५ जानेवारी १८८५ रोजी बाहेर बर्फ पडत असताना पहिला स्वच्छ फोटो निघाला. तेव्हा विसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. बर्फ पडू लागले की तो काळी रंगवलेली लाकडी फळी घेऊन दारात उभा राही. फळीवर पडलेले कण निरखून नको ते पिसाने झाडून टाकी. मनाजोगता कण लाकडाच्या बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि पिसानेच हलकेच दाबून बसवायचा. हे सगळे न तापवलेल्या पडवीत, जाड हातमोजे घालून आणि श्वास रोखून. तोंडाची वाफ लागली तरी कण गेला. एकेका फोटोला दहा सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत काच उघडी ठेवावी लागे.

आणि वादळही सगळी सारखी नसत. हवा जरा उबदार असेल तर कण एकमेकांना चिकटून पुंजके पडत. वारा जोराचा असेल तर पाकळ्या मोडत. म्हणून प्रत्येक फोटोबरोबर तो तापमान, वारा आणि ढग यांची नोंद ठेवी. मोठ्या वादळाच्या पश्चिमेकडच्या थंड भागात उत्तम कण मिळतात, हे त्याला या नोंदींतून दिसले. म्हणजे वादळ आले एवढ्याने भागत नसे. त्याची नेमकी बाजू गावावरून सरकेपर्यंत फळी धरून ताटकळायचे. हिशेब करून पाहिला. सुमारे सत्तेचाळीस हिवाळ्यांत त्याने पाच हजारांवर फोटो घेतले, म्हणजे हिवाळ्याला सरासरी शंभराच्या जरा वर. मग फेब्रुवारी १९२८च्या एकाच वादळाने दोन दिवसांत शंभरावर फोटो दिले, तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

गावकऱ्यांना हे वेड वाटे. रस्त्यावर बर्फाचे ढीग पडलेले असताना बर्फाचे फोटो कोण पाहणार? पण १८९८ साली व्हरमाँट विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या मदतीने त्याचा पहिला लेख छापून आला. १९०३ साली त्याने पाचशे छायाचित्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पाठवली. काचेच्या प्रती तो पाच सेंटला एक विकत असे. शाळा-कॉलेजे त्या घेत, तसेच दागिने आणि कापडावरची नक्षी करणारेही. आयुष्यभरात त्याने या कामावर पंधरा हजार डॉलर घातले आणि मिळाले चार हजारांहून कमी. जनावरांचे दूध काढणे सुटले नाही. लग्न केले नाही. थोरला भाऊ चार्ल्स याचे कुटुंब आणि हा एकाच घरात वेगवेगळ्या भागांत राहत.

त्याच्यावर टीकाही झाली. तो निगेटिव्हच्या प्रतीवर चाकूच्या टोकाने कणाभोवतीचा भाग खरवडून पार्श्वभूमी काळी करी. जर्मनीतल्या अभ्यासकांनी त्याला आक्षेप घेतला. शिवाय तो देखणे कण वेचून घेई, आणि निसर्गात वेडेवाकडे कणच जास्त. ही टीका अगदीच चुकीची नव्हती. दोन कण सारखे नसतात हे त्याचे म्हणणे जगभर पसरले, तरी १९८८ साली अमेरिकेतल्याच एका संशोधिकेला जवळपास जुळी दिसणारी जोडी सापडली. पण त्याने बेंटलीचे मोठेपण उणावत नाही.

आपल्याला जवळचे वाटेल असे त्याचे आणखी एक काम आहे. बर्फ नसे तेव्हा तो पाऊस मोजी. तोही किती पडला एवढेच नव्हे, तर थेंब केवढा, हे! बारीक पीठ भरलेली थाळी काही सेकंद पावसात धरायची. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी बनते. त्या वाळवून मोजायच्या. १८९८ ते १९०४ अशी वर्षे त्याने हे केले आणि पावसाचे बरेच थेंब मुळात उंचावरच्या ढगातले वितळलेले हिमकण असावेत, असे अनुमान काढले. ते काम लोक विसरून गेले. पावसाने जमिनीची धूप कशी होते हे अभ्यासणाऱ्यांनी १९४०च्या दशकात पिठाचीच रीत वापरली. आज आपल्याला ठाऊक आहे की भर मे महिन्यात वळवाच्या ढगातसुद्धा साधारण पाच किलोमीटरच्या वर गोठणबिंदूखालची थंडी असते. आपल्या अंगणात बर्फ पडत नाही, पण डोक्यावर ते असतेच.

नोव्हेंबर १९३१मध्ये, अमेरिकन हवामान खात्याचे विल्यम हम्फ्रीज यांच्याबरोबर केलेले त्याचे पुस्तक निघाले. चोवीसशेच्या आसपास चित्रे. मी बॉस्टनला पाहिले ते हेच. डिसेंबरात सहासष्ट वर्षांचा बेंटली वादळातून, ओल्या बर्फाच्या चिखलातून सहा मैल चालत घरी आला. न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबर रोजी तो गेला. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली त्यानेच नेले. हे पुस्तक जपानात उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाच्या हाती पडले. त्याने १९३६ साली प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण तयार केला, आणि हवेचे तापमान व दमटपणा यांवर कणाचा आकार ठरतो हे दाखवले. उणे पंधरा अंशांच्या आसपास नक्षीदार पाकळ्या फुटतात, उणे पाचाच्या आसपास सुया बनतात. म्हणजे जेरिकोच्या फळीवर पडलेला प्रत्येक कण वरच्या ढगाची खबर घेऊन येत होता.

हे वाचताना मला माझे वडील आठवत होते. ते प्राथमिक शिक्षक. निवृत्तीनंतर रोज सकाळी साडेआठला परसातल्या पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या नळीत ओतून मोजत आणि वहीत लिहीत. पाऊस नसला तर शून्य लिहीत. आम्ही भावंडे हसायचो. ते गेल्यावर घर आवरताना एकवीस वह्या निघाल्या. मीच त्या रद्दीत दिल्या. गावात दुसऱ्या कुणाकडे तशी नोंद नव्हती, हे नंतर कळले. बेंटलीच्या काचा आज अमेरिकेत बफेलोच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. वडिलांच्या वह्यांच्या पुड्या झाल्या असतील. त्या परत यायच्या नाहीत.

गेल्या मृगात पहिली सर आली तेव्हा परातीत मैदा पसरून मी अंगणात धरला. हिने कपाळाला हात लावला. पण चाळल्यावर चाळणीत लहान-मोठ्या गोळ्या राहिल्या, तशी तीही चष्मा लावून पाहायला बसली. दुसऱ्या दिवशी बाजारातून पर्जन्यमापक आणि शंभर पानी वही आणली. सकाळी साडेआठला पहिली ओळ लिहिली. रात्रीत पाऊस झाला नव्हता. शून्य लिहिले.