बायकोच्या माहेरची वंशावळ मांडली आणि कॅन्सर घराण्यात कसा उतरतो ते दाखवून दिलं

डॉक्टरकडे गेलं की एक प्रश्न हमखास येतो. घरात आधी कुणाला हा आजार होता का? आईला, आजीला, मावशीला, आत्याला?

आज हा प्रश्न साधा वाटतो. पण स्तनाच्या कॅन्सरबाबत याचं उत्तर नावनिशीवार मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक फ्रेंच सर्जन होते, पॉल ब्रोका.

ब्रोका यांचा जन्म १८२४ चा, बोर्दोजवळच्या एका लहान गावातला. वडील डॉक्टर. पोरगा एवढा हुशार की विशीतच डॉक्टर झाला. मेंदूचा कोणता भाग आपल्याला बोलायला लावतो, हे त्यांनी १८६१ साली दाखवलं. त्या भागाला आजही ‘ब्रोका एरिया’ म्हणतात.

पण आपली गोष्ट वेगळी आहे.

१८५७ साली त्यांचं लग्न अदेल ल्युगोल यांच्याशी झालं. अदेल यांचे वडीलही नावाजलेले डॉक्टर. लॅबमध्ये वापरतात ते ‘ल्युगोल्स आयोडीन’ त्यांचंच.

१८६६ साली ब्रोकांनी गाठींच्या आजारांवर मोठा ग्रंथ छापला. त्यात एका घराण्याची वंशावळ होती. नावं लपवलेली, नुसती अक्षरं. पण हे घराणं त्यांच्या बायकोचंच होतं, असं मानलं जातं.

सुरुवात होते ‘मॅडम झेड’ यांच्यापासून. त्या १७८८ साली स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. त्यांना चार मुली. दोघी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या, दोघी यकृताच्या. पुढे नातींमध्येही तेच. १८५६ पर्यंतची नोंद पाहिली तर घराण्यातल्या २४ बायकांपैकी १० जणी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या होत्या.

ब्रोकांचं म्हणणं होतं की एकाच घरात इतके मृत्यू हा योगायोग नसतो. आजार होण्याचा कल रक्तातूनच पुढे जात असला पाहिजे.

गंमत बघा, मेंडेल यांचा वाटाण्यांवरचा निबंधही १८६६ सालीच छापला गेला. ‘जीन’ हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला आला नव्हता.

ब्रोकांचं सगळंच बरोबर नव्हतं. कवट्या मोजून कोणता वंश श्रेष्ठ हे ठरवायच्या नादाला ते लागले होते. ते काम पुढे साफ चुकीचं ठरलं. १८८० साली, वयाच्या ५६ व्या वर्षी ते गेले.

वंशावळीची बाब मात्र खरी निघाली. १९९० साली अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी अशाच घराण्यांचा अभ्यास करून १७ व्या गुणसूत्रावर त्या जीनची जागा दाखवली. तोच बीआरसीए-१. बीआरसीए-२ त्यानंतर सापडला.

आता आपल्या कामाचं. स्तनाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात, साधारण ५ ते १० टक्केच असतात. पण हा बिघाड वडिलांकडूनही येतो. म्हणजे मावशीइतकीच आत्याही महत्त्वाची.

आपल्याकडे ‘तिला गाठ होती’ एवढं बोलून विषय बंद होतो. या वेळी आजीजवळ बसा. कोण, कशाने, कितव्या वर्षी गेलं, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. एकाच बाजूला दोन-तीन नावं आली, किंवा कुणी कमी वयात गेलेलं असलं, तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

ब्रोकांकडे तेव्हा याहून जास्त काही नव्हतं.