चार वर्षांची मुदत

फुलंब्रीहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, रोज अनेक मुलेमुली शिकायला जातात. हातात पास, पाठीवर दप्तर आणि एस.टी.मध्ये उभे राहून प्रवास. शहरात डोंगराच्या पायथ्याशी मोठे विद्यापीठ आहे. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. बाबासाहेब थोर कायदेपंडित होते आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण विद्यार्थी असताना ते कसे राहत होते, काय खात होते आणि त्यांचे शिक्षण मध्येच कसे थांबले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. या पाठात आपण त्या विद्यार्थ्याची ओळख करून घेऊ.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. घर म्हणजे एकच खोली. तीत स्वयंपाक, माणसे, भांडी आणि सरपणही. दिवसा अभ्यास करणे शक्य नव्हते. म्हणून वडिलांनी एक युक्ती काढली. भीमराव रात्री लवकर झोपत आणि वडील जागे राहत. पहाटे दोनच्या सुमारास वडील मुलाला उठवीत व मग स्वतः आडवे होत. सगळी चाळ झोपलेली असताना भीमराव दिव्याच्या उजेडात वाचत बसत. पुस्तकांसाठी पैसे नसले, की वडील लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत व तो गहाण ठेवीत.

शाळेत भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. पण ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले होते, म्हणून त्यांना संस्कृत शिकवण्यास नकार मिळाला. तेव्हा त्यांनी फारसी हा विषय घेतला. अलिफ, बे, पे ही अक्षरे त्यांनी गिरवली आणि त्या विषयात चांगले गुण मिळवले. मोठेपणी त्यांनी संस्कृतचाही स्वतःहून अभ्यास केला. एक दार बंद झाले म्हणून ते दारात रडत बसले नाहीत. दुसऱ्या दाराने आत गेले आणि पहिल्या दाराची आठवणही ठेवली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या काळी त्यांच्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही मोठी गोष्ट होती. पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे दिले. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. लगेच फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले. मुलाला जागे करण्यासाठी जो माणूस रात्ररात्र जागला, त्याला मुलाचे पुढचे यश पाहता आले नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांच्या मदतीने भीमराव अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तेथील कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम.ए. केले. खाण्यापिण्यावर ते फार कमी खर्च करीत आणि उरलेल्या पैशांतून जुनी पुस्तके विकत घेत. १९१६ साली ते लंडनला गेले. लंडन विद्यापीठात अर्थशास्त्राची आणि दुसऱ्या एका संस्थेत बॅरिस्टरीची तयारी त्यांनी एकाच वेळी सुरू केली.

पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. मुदत हा शब्द तुमच्या उर्दूतलाच आहे, त्याचा अर्थ सांगायला नको. अभ्यास अर्धा राहिला होता आणि परत जाणे भाग होते. अशा वेळी पुष्कळ विद्यार्थी निराश होऊन सामान बांधतात आणि निघून जातात. भीमरावांनी सामान बांधण्यापूर्वी एक काम केले. त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली. चार वर्षांच्या आत परत आल्यास त्यांना राहिलेला अभ्यास पुढे चालू करता येणार होता. त्यांचा पैसा संपला होता, पण विद्यापीठातील जागा त्यांनी राखून ठेवली.

ते पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट शत्रूने समुद्रात बुडवली. पुस्तके पाण्यात गेली. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली, तर तेथे जातीमुळे राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाईसुद्धा त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. शेवटी ते मुंबईला परतले. चार वर्षांतला एकेक महिना मागे पडत होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार ४५० रुपये होता. त्या काळात ही रक्कम मोठी होती. मोठे घर घेता आले असते आणि सुखाने राहता आले असते. पण ते परळच्या चाळीतच राहिले. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम ते पत्नी रमाबाईंच्या हाती देत आणि उरलेला पैसा लंडनसाठी बाजूला ठेवीत. रमाबाईंनी त्या थोड्या पैशांत संसार चालवला. या शिक्षणात त्यांचाही वाटा आहे, हे आपण विसरू नये. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जुलैमध्ये बोटीत बसले. मुदत संपायला तेव्हा साधारण सव्वा वर्ष उरले होते.

लंडनमध्ये ते एका स्वस्त खोलीत राहिले. सकाळी पावाचा तुकडा आणि कपभर गरम पेय घेऊन ते बाहेर पडत. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जात आणि बंद होताना बाहेर येत. दुपारचे जेवण बहुतेक नसेच. रात्री भूक लागली, की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खात आणि पुन्हा वाचायला बसत. १९२१ साली त्यांना एम.एस्सी. ही पदवी मिळाली. नंतर ते बॅरिस्टरही झाले.

आता डॉक्टरची पदवी राहिली होती. हिंदुस्थानच्या रुपयाचा प्रश्न हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. इंग्रज सरकारच्या धोरणामुळे रुपयाचे काय नुकसान झाले, हे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले. परीक्षकांना ते रुचले नाही. १९२३ च्या मार्चमध्ये प्रबंध पुन्हा लिहून देण्यास सांगण्यात आले. जवळचे पैसे संपले होते, म्हणून त्यांना मुंबईला यावे लागले. पुन्हा एकदा अभ्यास अर्धा राहिला! पण मुंबईत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. आपले मुख्य म्हणणे मात्र बदलले नाही. ऑगस्टमध्ये तो लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली.

या आठवणी ते विसरले नाहीत. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्या काळात आपला मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले होते आणि तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. पण औरंगाबादच्या मुलांना इंटरनंतर बहुधा त्या दूरच्या शहरीच जावे लागे. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, त्यांचे शिक्षण तेथेच थांबे. म्हणून बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ज्या राजाने भिक्षू नागसेन यांना एकामागून एक प्रश्न विचारले, त्या मिलिंद राजाचे नाव कॉलेजला दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघेही तेथे आहेत.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव देण्यात आले.

मुलांनो, आपल्या भागात पाऊस कमी पडला, की कोणाचे तरी शिक्षण थांबते. कोणी दुकानावर बसतो, कोणी शेतात जातो. एखाद्या हुशार मुलीला घरकामासाठी शाळा सोडावी लागते. असे तुमच्या वर्गातही घडू शकते. त्या वेळी १९१७ सालचे भीमराव आठवा. शिक्षण त्यांचेही थांबले होते, पण त्यांनी ते सोडले नव्हते. म्हणून शाळेतून नाव कमी करण्याआधी आपल्या गुरुजींना नक्की विचारा, की परत यायचे झाल्यास काय करावे लागेल, कोणता अर्ज द्यावा लागेल आणि त्याची मुदत किती आहे.