केसाचा फास, काचेची सुई : हान्स श्पेमान

आज प्रयोगशाळेत अंड्यात टोचायची काचेची सुई यंत्रावर ओढतात, फिरत्या चकतीवर तिचं टोक तिरकं घासतात. हान्स श्पेमान यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. १८६९ मध्ये स्टुटगार्टला एका प्रकाशकाच्या घरी जन्मलेला हा माणूस बारीक ज्योतीवर काच तापवून सुया स्वतःच ओढायचा. अंडं आवळायच्या फासाला तान्ह्या बाळाचा केस. पिपेटही घरच्या घडणीची : बाजूला भोक, त्यावर रबर, बोटाने जरा दाबलं की थेंबभर पाणी आत-बाहेर. न्यूटचं अंडं जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं. हात थरथरला की संपलं!

तरुणपणी क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना वाइसमान यांचं पुस्तक हाती आलं आणि पुढची वाट ठरली.

फ्रायबुर्गला त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिने एका न्यूटच्या भ्रूणाचा इवलासा तुकडा दुसऱ्या जातीच्या भ्रूणावर बसवला. तिथे चक्क दुसरा भ्रूण उभा राहिला, आणि त्यातल्या बऱ्याच पेशी यजमानाच्याच निघाल्या. म्हणजे तो तुकडा शेजाऱ्यांना कामाला लावत होता. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती, बहुतेक भ्रूण मेले. १९२४ च्या निबंधात सहाच आहेत. काम हिल्डेच्या डॉक्टरेटचं, पण पहिलं नाव गुरूंचं. इतर विद्यार्थ्यांना एकट्याच्या नावाने छापू दिलं होतं, तेव्हा हे खटकतंच. त्याच वर्षी शेगडीच्या भडक्यात भाजून ती गेली. वय २५.

१९३५ चं नोबेल एकट्या श्पेमानना मिळालं. १९४१ मध्ये तेही वारले.